‘निगेटिव्ह’ या एका शब्दाची उलटतपासणी

कॅनडाच्या पूर्व टोकाला, अटलांटिक महासागरात, न्यूफाउंडलंड नावाचे बेट आहे. कॉड माशावर पिढ्यान्‌पिढ्या जगलेला, थंडीवाऱ्याचा, विरळ वस्तीचा मुलूख. शेजारच्या मुख्य भूमीवरचा लॅब्राडॉरचा भाग धरला तरी सगळ्या प्रांताची लोकसंख्या पाच लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराएवढी. सेंट जॉन्स ही त्याची राजधानी. प्रांतात कुठेही एखाद्या बाईच्या स्तनात कर्करोगाची गाठ निघाली की त्या गाठीचा तुकडा एका विशिष्ट तपासणीसाठी सेंट जॉन्सच्या मोठ्या रुग्णालयातील प्रयोगशाळेत येई. तिथून उत्तर येई एका शब्दात. पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह. त्या शब्दावर पुढची पाच वर्षे तिला एक गोळी मिळणार की नाही हे ठरे.

२००५ च्या वसंतात तिथल्या कर्करोगतज्ज्ञांना एका रुग्णाचे कोडे पडले. २००२ साली तिची तपासणी निगेटिव्ह आली होती, म्हणून गोळी दिलेली नव्हती. आता रोग उलटला होता. तिच्या कर्करोगाचा प्रकार असा, की त्यात ही तपासणी बहुतेक वेळा पॉझिटिव्ह यायला हवी. डॉक्टरांनी जुना नमुना पुन्हा तपासायला सांगितला. या वेळी उत्तर आले पॉझिटिव्ह. त्याच वर्षी ती गेली. आणखी काही जुने नमुने काढले, त्यांतलेही अनेक उलटले. मग १९९७ पासूनचे सगळे निगेटिव्ह नमुने, हजाराच्या वर, टोरांटोच्या माउंट सायनाय रुग्णालयात फेरतपासणीसाठी गेले. ३८० हून अधिक बायकांचे उत्तर बदलून आले.

या चुकीत कुणाचे ऑपरेशन बिघडले नव्हते, कुणाला चुकीचे रक्त चढवले गेले नव्हते. रिपोर्ट वेळेवर मिळाले होते, छापील होते, सही-शिक्क्याचे होते. चुकीचे ‘निगेटिव्ह’ आणि खरे ‘निगेटिव्ह’ कागदावर हुबेहूब सारखे दिसतात, आणि म्हणूनच ही गोष्ट आठ वर्षे चालू राहू शकली.

ही तपासणी आहे तरी कसली?

इस्ट्रोजेन हे स्त्रीच्या शरीरातले संप्रेरक. ते रक्तातून सगळीकडे फिरते, पण त्याची हाक ऐकू येते ती काही पेशींनाच. ज्यांना ऐकू येते त्यांच्यापाशी त्यासाठी खास प्रथिने असतात, रिसेप्टर. त्यांना पेशीचे कान म्हणू. स्तनाच्या निरोगी पेशींत काहींना असे कान असतात. कर्करोग झाल्यावरही बहुसंख्य गाठींमध्ये ते शाबूत राहतात, आणि मग इस्ट्रोजेनची प्रत्येक हाक त्या गाठीला वाढायला सांगते. १८९६ साली ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन या शल्यविशारदाने बीजकोश काढून टाकल्यावर स्तनाचा कर्करोग आक्रसतो असे प्रसिद्ध केले, तेव्हा यातले काहीच ठाऊक नव्हते. गाई जास्त दिवस दुभत्या राहाव्यात म्हणून त्यांचे बीजकोश काढण्याची शेतकऱ्यांची एक रीत त्यांच्या कानावर आली होती, तेवढा धागा. हा उपाय काहींनाच का लागू पडतो, याचे उत्तर मिळायला पुढे साठ-सत्तर वर्षे गेली. शिकागोच्या एलवुड जेन्सन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस किरणोत्सर्गी खूण लावलेले इस्ट्रोजेन वापरून ते कोणत्या पेशी धरून ठेवतात हे दाखवले आणि रिसेप्टरची कल्पना पक्की झाली.

औषधाची कहाणीही मजेशीर आहे. इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीत डोरा रिचर्डसन या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी १९६२ मध्ये जे रसायन बनवले ते संततिनियमनासाठी. त्या कामात ते साफ नापास झाले. पण पेशीच्या या कानात कापसाचा बोळा घालावा तसे ते जाऊन बसते, हे लक्षात आले आणि १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये ते स्तनाच्या कर्करोगासाठी बाजारात आले. तेच टॅमोक्सिफेन. जगभरच्या चाचण्यांचे एकत्र हिशेब सांगतात, की रिसेप्टर पॉझिटिव्ह असलेल्या बाईने ही गोळी पाच वर्षे घेतली, तर पंधरा वर्षांच्या काळात या कर्करोगाने मृत्यू येण्याचा धोका सुमारे एक तृतीयांशाने घटतो. एका गोळीला काही रुपये पडतात. कर्करोगाच्या औषधांत इतके स्वस्त आणि इतके गुणकारी दुसरे काही शोधायला गेलो तर वेळ लागेल.

मात्र पेशीला कान नसतील तर बोळा घालायचा कुठे? निगेटिव्ह असलेल्या बाईला या गोळीचा उपयोग नाही. उलट रक्तात गुठळी होणे, गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग असे तिचे थोडे धोके आहेत. म्हणून आधी तपासणी, मग गोळी. सारी भिस्त त्या तपासणीवर.

पूर्वी ही तपासणी वेगळी होती. ताजी गाठ ताबडतोब गोठवायची, वाटायची, आणि त्या वाटणात रिसेप्टर किती आहेत ते रसायनशास्त्राने मोजायचे. उत्तर आकड्यात यायचे. पण गाठ मोठी लागायची आणि गोठवायची सोय हाताशी लागायची. १९९० च्या दशकात नवी पद्धत आली. मेणात बसवलेल्या गाठीचा पातळ काप काचेवर घ्यायचा, त्यावर रिसेप्टरला नेमके चिकटणारे प्रतिपिंड सोडायचे आणि ते जिथे चिकटले तिथे तपकिरी रंग उमटवायचा. सूक्ष्मदर्शकातून पाहिले की कर्करोगाच्या पेशींची केंद्रके तपकिरी दिसतात किंवा निळसर राहतात. छोटा तुकडा पुरतो, जुना नमुनाही चालतो. सेंट जॉन्सने ही पद्धत १९९७ मध्ये घेतली. सगळे जग तिकडेच चालले होते.

ऐकायला सोपे वाटते, पण या पद्धतीत पाककृतीसारखे बारकावे आहेत. गाठ शरीरातून सुटली की तिचा रक्तपुरवठा थांबतो आणि आतली प्रथिने विघटित होऊ लागतात. तिला लवकरात लवकर फॉर्मॅलिनमध्ये टाकावे लागते. फॉर्मॅलिन आत शिरते ते अगदी धिम्या गतीने, तासाला मिलिमीटरभर असा ढोबळ हिशेब. मोठी गाठ अखंडच बाटलीत सोडली, तर बाहेरचा थर पक्का होतो आणि मधला भाग कच्चा राहतो. घाईत तळलेल्या भज्यासारखा. म्हणून गाठीला मधून छेद देऊन, पाच-पाच मिलिमीटरच्या चकत्या करून ती भरपूर फॉर्मॅलिनमध्ये बुडवायची. किती वेळ? तुकडा छोटा असला तरी सहा ते आठ तास हवेतच, असे २००३ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासाने दाखवले. त्याआधी बाहेर काढली तर रिसेप्टर असूनही रंग उमटत नाही. रिपोर्टची घाई असलेल्या नातेवाइकांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

त्यापुढची पायरी तर चक्क स्वयंपाकघरातली. फॉर्मॅलिनमुळे प्रथिने एकमेकांना जखडली जातात, प्रतिपिंडाला रिसेप्टर सापडत नाही. ती गाठ सोडवायला काप विशिष्ट द्रावणात उकळावा लागतो. त्यासाठी मायक्रोवेव्ह वापरतात, किंवा प्रेशर कुकर. होय, कुकरच. आणि डाळ शिजायला जशी शिट्ट्यांची गणती, तशी इथे मिनिटांची. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत २६ देशांतल्या २०० प्रयोगशाळांना एकाच गाठींचे काप रंगवायला दिले होते. रिसेप्टर भरपूर असलेल्या गाठी ८० टक्क्यांहून अधिक प्रयोगशाळांनी ओळखल्या. रिसेप्टर थोडे असलेली गाठ मात्र जेमतेम ३७ टक्क्यांना नीट दाखवता आली. कारण शोधले तेव्हा बोट वळले ते मुख्यतः उकळण्याच्या पायरीकडे. अनेकांचे काप कच्चे राहत होते.

मग चूक झाली हे कळायचे कसे? त्याची सोय पद्धतीतच आहे. नमुन्याच्या जोडीला एक असा काप रंगवायचा, जो पॉझिटिव्ह आहे हे आधीच माहीत आहे. त्यावर रंग आला नाही तर त्या दिवशीच्या साऱ्या ‘निगेटिव्ह’ना अर्थ नाही. शिवाय रुग्णाच्या स्वतःच्या कापात गाठीशेजारी बहुधा निरोगी दुग्धनलिका असतातच. त्यांतल्या काही पेशी तपकिरी व्हायलाच हव्यात. त्या कोऱ्या राहिल्या आणि गाठही कोरी राहिली, तर दोष रंगाचा समजायचा आणि तपासणी पुन्हा करायची. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती ही.

सेंट जॉन्समध्ये नेमके हेच सुटत गेले. न्यायमूर्ती मार्गारेट कॅमेरॉन यांच्या चौकशी आयोगापुढे २००८ मध्ये महिनोन्‌महिने साक्षी झाल्या, त्यांतून जे चित्र उभे राहिले त्यात खलनायक सापडत नाही. लेखी कार्यपद्धती धड नव्हती. गाठी फॉर्मॅलिनमध्ये कधी टाकल्या, कधी काढल्या याची नोंद नव्हती. तंत्रज्ञ आणि पॅथॉलॉजिस्ट सोडून जात, नवे येत. निरोगी नलिका कोऱ्या दिसत असूनही रिपोर्टवर निगेटिव्ह लिहिले जाई. वर्षाला किती टक्के गाठी पॉझिटिव्ह येतात हा साधा हिशेब मांडून, इतरत्र येणाऱ्या आकड्याशी ताडून पाहण्याची व्यवस्था नव्हती. स्तनाच्या चार गाठींपैकी साधारण तीन पॉझिटिव्ह येतात हे पुस्तकात छापलेले आहे. स्वतःचा आकडा त्याच्या शेजारी मांडायला पाटी-पेन्सिल पुरली असती.

आणि कुणाच्याच लक्षात आले नव्हते असेही नाही. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट ही वाटते. प्रयोगशाळेतले एक पॅथॉलॉजिस्ट डॉ. गर्शन इजेकम यांनी २००३ मध्येच लेखी कळवले होते, की या तपासणीवर विसंबता येत नाही. त्यांनी काही आठवडे ती बंदही ठेवली होती. थोडीफार सुधारणा झाली, तपासणी पुन्हा सुरू झाली. पण आज रंग नीट येत नाही, तर काल-परवा ज्यांना निगेटिव्ह म्हणून घरी पाठवले त्यांचे काय, हा प्रश्न कुणी पुढे नेला नाही. पत्र फायलीत गेले. सरकारी असो की खासगी, कचेरीत पत्राचे काय होते हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. पुढे २००४ मध्ये नवे स्वयंचलित यंत्र आले आणि त्यानंतरच्या वर्षी उत्तरे उलटू लागली, तेव्हा संशय आधी गेला तोही यंत्रावरच. नवे यंत्र जरा जास्तच तपकिरी दाखवते की काय!

खरा संताप उसळला तो त्यानंतरच्या लपवाछपवीवर. फेरतपासणी चालू आहे हे अनेक रुग्णांना ऑक्टोबर २००५ मध्ये वर्तमानपत्रातून कळले. डिसेंबर २००६ मध्ये आरोग्य मंडळाने पत्रकारांना सांगितले, की ११७ जणींचे उपचार बदलावे लागले. किती उत्तरे मुळात चुकली होती तो आकडा सांगितला नाही. तो बाहेर आला मे २००७ मध्ये, न्यायालयात दाखल झालेल्या कागदपत्रांतून: फेरतपासलेल्या ७६३ पैकी ३१७. शंभरात ४२. लोक हादरले, आयोग नेमला गेला. मार्च २००९ मध्ये आलेल्या त्याच्या अहवालात ६० शिफारशी आहेत. त्याच वर्षी रुग्णांच्या सामुदायिक दाव्यात १ कोटी ७५ लाख डॉलरची तडजोड झाली. ज्यांची उत्तरे चुकली होती त्यांतल्या शंभराहून अधिक जणी तोवर दगावल्या होत्या. योग्य गोळी मिळती तर त्यांतल्या किती वाचत्या, हे कुणालाही नावानिशी सांगता येणार नाही. आकडेशास्त्र समूहाचे उत्तर देते. एखाद्या घरातल्या रिकाम्या खुर्चीचे उत्तर त्याच्याजवळ नसते.

या प्रकरणाची हवा सीमेपलीकडे गेली. २०१० मध्ये अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञ आणि पॅथॉलॉजिस्ट यांच्या दोन मोठ्या संघटनांनी मिळून या तपासणीची नियमावली प्रसिद्ध केली. जगातल्या अशा तपासण्यांपैकी २० टक्क्यांपर्यंत उत्तरे चुकीची असू शकतात, असे त्यांनी त्यात स्वच्छ लिहिले. गाठ तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये जावी, किमान ६ आणि जास्तीत जास्त ७२ तास राहावी, दोन्ही वेळा कागदावर नोंदवाव्यात, जोडीचे ठाऊक नमुने प्रत्येक वेळी रंगवावेत, बाहेरच्या संस्थेकडून नियमित परीक्षा घ्यावी, असे नियम घालून दिले. पॉझिटिव्हचा उंबरठाही खाली आणला. आधी बऱ्याच ठिकाणी शंभरातल्या दहा पेशी रंगल्या तरच पॉझिटिव्ह म्हणत. आता एक रंगली तरी म्हणावे. २०२० मध्ये यात एक दुरुस्ती झाली. १ ते १० टक्क्यांच्या मधल्या गाठींना ‘कमी पॉझिटिव्ह’ असे वेगळे लिहायचे, कारण त्यांतल्या अनेक गाठी वागायला निगेटिव्हच्या जवळच्या असतात. होय-नाहीच्या मध्ये एक राखाडी पट्टा आहे, हे कबूल केले गेले ते बरे झाले.

आता मुंबईकडे येऊ. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयातील पॅथॉलॉजिस्टांनी २००० साली ७९८ गाठींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात इस्ट्रोजेन रिसेप्टर पॉझिटिव्ह निघाल्या सुमारे एक तृतीयांश. पाश्चात्त्य बायकांत हे प्रमाण पाऊणाच्या आसपास. भारतीय बायकांचा कर्करोग मुळातच वेगळा, जास्त आडमुठा, असा अर्थ अशा आकड्यांवरून बरीच वर्षे काढला गेला. त्यात तथ्य नाही असे नाही. आपल्याकडे हा रोग तुलनेने तरुण वयात दिसतो आणि तरुण वयातल्या गाठी निगेटिव्ह असण्याचा संभव जास्त. पण त्या अभ्यासात एक गोम होती. प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या संप्रेरकाचे रिसेप्टर ४६ टक्के गाठींत सापडले, म्हणजे इस्ट्रोजेनपेक्षा अधिक. आता, प्रोजेस्टेरॉनचा रिसेप्टर पेशी बनवते तोच मुळी इस्ट्रोजेनच्या हाकेवरून. हाकेला ओ मिळते आहे आणि कान मात्र दिसत नाहीत, असे एखाद-दुसऱ्या गाठीत घडेल. इतक्या गाठींत घडले तर दिसण्यातच काही उणे आहे अशी शंका घ्यायला हवी.

ती घेतली गेली, आणि त्याच रुग्णालयात घेतली गेली. १९९९ ते २००६ या काळातल्या हजारो गाठींचे निकाल तिथल्या पॅथॉलॉजिस्टांनी २००९ मध्ये मांडले. तंत्र सुधारत गेले तसतशा ‘फक्त प्रोजेस्टेरॉन पॉझिटिव्ह’ अशा विचित्र गाठी कमी होत गेल्या. आपल्याच घरच्या जुन्या वह्या काढून त्या छापील स्वरूपात जगापुढे ठेवणे, हे न्यूफाउंडलंडमध्ये जे घडले त्याच्या नेमके उलटे आहे, आणि त्याची वर्तमानपत्रांनी फारशी दखल घेतली नाही.

पण टाटा हे टाटा आहे. महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावी शस्त्रक्रिया होते ती दहा-पंधरा खाटांच्या नर्सिंग होममध्ये. तिथे पॅथॉलॉजिस्ट नसतो. गाठ बाटलीत घालून नातेवाइकाच्या हाती देतात आणि ‘जिल्ह्याच्या लॅबला पोचवा’ म्हणून सांगतात. तो मुलगा किंवा तो भाऊ पिशवीत बाटली घेऊन एस.टी.त बसतो. बाटलीत काय आहे, फॉर्मॅलिन की घाईत ओतलेले सलाइन, गाठ पुरती बुडाली आहे का, तिला छेद दिला आहे का, हे त्याला कुणी सांगत नाही आणि तोही विचारत नाही. त्या दिवसापुरती साखळीतली सर्वांत महत्त्वाची कडी त्याच्या हातात असते. विचारायला हवे. ‘डॉक्टर, यात फॉर्मॅलिन आहे ना? किती वाजता टाकली ते वर लिहून द्याल का?’ एवढेच. चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही. शनिवारी दुपारची शस्त्रक्रिया, मध्ये रविवार आणि सोमवारी सणाची सुट्टी, असे आले की ७२ तासांची वरची मर्यादाही अंगाशी येते. तरी जास्त भिजलेल्या गाठीपेक्षा कमी भिजलेली गाठ अधिक दगा देते. शस्त्रक्रियेआधी सुईने काढलेला बारीक तुकडा बाटलीत पडल्याबरोबर भिजू लागतो, म्हणून शक्य असेल तिथे ही तपासणी त्या तुकड्यावर करणे पुष्कळांना श्रेयस्कर वाटते.

रिपोर्टवर नुसते ‘ईआर निगेटिव्ह’ असेल तर समाधान मानू नये. किती टक्के पेशी रंगल्या, रंग फिका की गडद, जोडीचा ठाऊक नमुना रंगला का, शेजारच्या निरोगी नलिका रंगल्या का, हे लिहिलेले असावे. काही ठिकाणी आठपैकी गुण देतात, तेही चालतात. सावकाश वाढणारी गाठ किंवा लोब्युलर प्रकारची गाठ आणि तरीही निगेटिव्ह, अशी जोडी दिसली तर ‘पुन्हा करून पाहू या का?’ असे डॉक्टरांना जरूर म्हणावे. सेंट जॉन्सचे बिंग फुटले ते अशाच एका न जुळणाऱ्या जोडीवरून.

आणि पुन्हा करण्यासाठी लागतो तो मेणाचा ठोकळा, ज्याला ब्लॉक म्हणतात. बोटाच्या पेराएवढा, प्लॅस्टिकच्या जाळीदार चौकटीत बसवलेला, वर पेन्सिलने नंबर टाकलेला. तो रुग्णाच्या शरीराचा भाग असतो, दुसऱ्या तज्ज्ञाकडे न्यायला मागता येतो. मोठ्या कर्करोग रुग्णालयात नव्याने नाव नोंदवताना काचा आणि ब्लॉक आणायला सांगतात ते त्यासाठीच. लॅबमधून घेताना नंबर रिपोर्टशी ताडून घ्यावा, उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नये आणि काम झाले की परत जपून ठेवावा. टोरांटोला गेलेल्या ठोकळ्यांत आठ-आठ वर्षांपूर्वीचेही होते. मेण तसेच होते, आणि नीट उकळून काढल्यावर त्यांवरही तपकिरी रंग उमटला.